'बेअर' जहाज, बर्फात अडकलेले देवमासेवाले आणि उसने घेतलेले रेनडिअर

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अमेरिकन तटरक्षक दलाच्या इतिहासात 'बेअर' या गस्ती जहाजाचं नाव फार मानाने घेतात. मराठीत त्यावर काही वाचलेलं आठवत नाही, म्हणून आधी थोडक्यात ओळख आणि मग माझं म्हणणं.

हे जहाज १८७४ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे बांधलं. मूळ काम न्यूफाउंडलंडच्या बर्फात सील मारायला जाण्याचं. लाकडी, शिडांचं, पोटात वाफेचं इंजिन. १८८४ मध्ये अमेरिकन नौदलाने ते विकत घेतलं, कारण ग्रीली नावाच्या अधिकाऱ्याची २५ जणांची तुकडी १८८१ पासून उत्तर ध्रुवाकडे अडकून पडली होती. 'थेटिस' आणि 'बेअर' केप सबाइनला पोचली तेव्हा सात जण जिवंत सापडले, त्यातला एक लगेच गेला. पुढच्या वर्षी जहाज रेव्हेन्यू कटर सर्व्हिसकडे आलं (कटर म्हणजे गस्ती जहाज). ही सेवा अर्थखात्याच्या हाताखालची. १९१५ मध्ये तिचं आणि जीवरक्षक सेवेचं एकत्रीकरण होऊन आजचं तटरक्षक दल झालं.

त्यानंतर चाळीसेक वर्षं 'बेअर'चा शिरस्ता एकच. वसंतात निघायचं, बेरिंग समुद्रातून बर्फ सरकेल तसतसं वर पॉइंट बॅरोपर्यंत जायचं, शरदात परत. अलास्का अमेरिकेने १८६७ ला रशियाकडून घेतला खरा, पण त्या किनाऱ्यावर ना कोर्ट ना पोलीस. जहाज येईल तेच सरकार. कप्तान न्यायनिवाडा करी, जहाजावरचा डॉक्टर गावोगाव औषध देई, टपाल तेच नेई, चोरटी दारू तेच पकडी.

आता मुद्दा. १८९७ च्या शरदात देवमासे मारणारी आठ जहाजं बॅरोजवळ बर्फात अडकली. सुमारे २६५ माणसं. 'बेअर' नुकतंच मोसम संपवून परतलं होतं, त्याला परत पाठवलं. हिवाळ्यात तिथवर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून १६ डिसेंबरला अलास्काच्या किनाऱ्यावर केप व्हँकुव्हरला जहाजावरच्या जार्व्हिस, बर्थॉल्फ आणि डॉ. कॉल या अधिकाऱ्यांना उतरवलं. त्यांनी कुत्र्यांच्या स्लेजवरून आणि रेनडिअर हाकत सुमारे २,४०० किलोमीटर कापले आणि २९ मार्च १८९८ ला बॅरो गाठलं. तिघांना काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं.

मी म्हणतो, शौर्य कबूल. पण पदकं भलत्यांच्या गळ्यात पडली. रेनडिअर ज्यांचे, हाकणारे जे, त्यांची नावं तळटीपेत. पटतंय का?

सुक्का_बोंबील

पहिला मी! वाचून प्रतिसाद देतो.

कोकणकडा७

छान लिहिलंय. पण २६५ माणसांना वाचवायला २,४०० किलोमीटर जिवंत मटण चालवत न्यायचं, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून आली?

निरंकुश

धागाकर्त्याचा मुद्दा अर्धा पटला. मोहिमेचा निर्णय वॉशिंग्टनला झाला, जोखीम त्या तिघांनी स्वेच्छेने घेतली. आर्क्टिकच्या डिसेंबरात किनाऱ्यावर उतरायचं म्हणजे सूर्य जेमतेम डोकं वर काढतो. पदक त्यासाठी आहे. रेनडिअर पुरवणाऱ्याला पदक द्यायचं तर उद्या लढाईनंतर डाळ-तांदूळवाल्यालाही द्यावं लागेल.

अनघा_फेअरबँक्स

निरंकुश, डाळ-तांदूळवाला घरी बसतो हो. हे लोक कळपाबरोबर चालत गेले होते!

मी इथे अलास्कात बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर. कळप दोन ठिकाणचे होते. एक केप प्रिन्स ऑफ वेल्सच्या मिशनचा, जो टॉम लॉप नावाचा शिक्षक सांभाळत होता. दुसरा चार्ली आर्टिसार्लूक या इनुपिआक (इथले मूळ रहिवासी) माणसाचा, स्वतःच्या मालकीचा, सव्वाशेच्या वर जनावरं. सरकारने त्याला आधी उसने दिले होते आणि त्याने ते वाढवले. जार्व्हिस त्याच्या दारात गेला तेव्हा हातात होतं काय? सरकार परत करेल एवढा शब्द. जार्व्हिसने स्वतःच्या अहवालात लिहून ठेवलंय की ही मागणी करायची त्याला धास्ती वाटत होती, कारण त्या कळपावर चार्लीचं घरच नाही तर शेजारपाजारही अवलंबून होता. चार्लीने बायकोशी, मेरीशी बोलून होकार दिला. आणि नुसते जनावर देऊन थांबला नाही, स्वतः हाकायला निघाला. लॉप बायकामुलांना मागे ठेवून गेला. सोबत इनुपिआक गुराखी. कोट्झेब्यू साउंड त्यांनी गोठलेल्या समुद्रावरून ओलांडला.

आता सांगा, कोण घरी बसलं होतं?

निरंकुश

ठीक. डाळ-तांदूळवाला मागे घेतो. पदकाचा मुद्दा घेत नाही.

सुक्का_बोंबील

वाचून झालं. रेनडिअरचं मटण कसं लागतं हो अनघाताई? सुक्कं होतं का? (हलके घ्या.)

अनघा_फेअरबँक्स

चरबी फार कमी, त्यामुळे घाईने शिजवलं तर वातड. इथे रेनडिअरचं सॉसेज नाश्त्याला सर्रास मिळतं. माझ्या सासूबाईंनी मालवणी मसाला लावून केलं होतं. खाणाऱ्यांनी पातेलं पुसून नेलं, पण त्या स्वतः "बिचारा सांताचा" म्हणत वरणभातच जेवल्या.

सुक्का_बोंबील

खिक्! साष्टांग नमस्कार सासूबाईंना.

डॉ_माणदेश

मी जनावरांचा डॉक्टर, आमच्याकडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर बांधव कोकणाकडे उतरतात, ते लहानपणापासून पाहतोय. म्हणून या कळपाचे आकडे वाचले आणि थबकलो. निघाले सुमारे ४४८, पोचले ३८२. म्हणजे साधारण पंधरा टक्के घट. त्यातही काही वाटेत माणसांनी खाल्ले, काही लांडग्यांनी नेले, काही थकले. भर थंडीत, बर्फाखालचं शेवाळ उकरून खात, रोज चालत. हिशेब करा, हाकणारा किती तयारीचा असेल.

लोकांना वाटतं जनावर हाकणं म्हणजे मागून हुर्र केलं की झालं. कळप रात्री कुठे बसवायचा, गाभण माद्यांना कितपत पळवायचं, पुढचं चरणं कुठे आहे, वाऱ्याला तोंड करून चालणार की पाठ, हे सगळं दर दोन तासांनी ठरवावं लागतं. कळपात गाभण माद्या होत्या आणि बऱ्याच बॅरोला पोचल्यावर व्यायल्या, म्हणजे कोणीतरी त्यांची चाल सांभाळली होती. ही अक्कल जहाजावरच्या अधिकाऱ्याकडे असणं शक्य नाही. धागाकर्त्याला +१.

खारा_वारा

मी व्यापारी जहाजांवर इंजिनात आयुष्य काढलं. जमिनीवरच्या मोहिमेबद्दल मला कळत नाही, पण या जहाजाबद्दल कोणी बोललंच नाही!

लाकडी जहाज बर्फात का टिकायचं ते समजून घ्या. बाहेरून ओकच्या सहा इंची फळ्या, त्यावर ऑस्ट्रेलियातल्या आयर्नबार्क लाकडाचं आवरण, कारण बर्फ ओक घासून खातो. नाळेला लोखंडी पट्ट्यांचा चिलखत. लोखंडी पत्र्याचं जहाज त्या काळात बर्फाच्या दाबाने चिरडायचं, लाकूड थोडं दबतं आणि परत येतं. वाफेचं इंजिन बेताचं. त्यामुळे आजच्यासारखं बर्फावर चढून फोडत जाणं नाही, फटी शोधायच्या. डोलकाठीच्या टोकाला एक पिंप बांधलेलं, त्यात माणूस उभा. तो वरून ओरडून सांगणार, डावीकडे काळं पाणी दिसतंय. खाली सुकाणूवाला तसं वळवणार. पिंपातल्या माणसाच्या मिशांचं काय होत असेल ते मी इंजिनातल्या ऊबेत बसून कल्पना करतो.

आणि कोळसा! उत्तरेत कोळशाची बंदरं नाहीत. म्हणून वारा असला की शिडं. दोन्ही यंत्रणा एकाच जहाजावर सांभाळायच्या, दोन्हीची माणसं वेगळी, दोन्हीची भांडणं वेगळी.

कोकणकडा७

@खारा_वारा, मस्त. अजून लिहा.

मीठमोहर

कप्तान हीलीबद्दल कोणी लिहील का? सिअॅटलला त्यांच्या तटरक्षक दलाचं 'हीली' नावाचं मोठं लाल बर्फफोडं जहाज असतं, ते त्याच्याच नावाचं ना?

उत्तरवारा

हो, तोच. मायकेल हीली, 'बेअर'चा कप्तान १८८६ ते १८९५. १८९७ च्या मोहिमेवेळी मात्र तो नव्हता, टटल कप्तान होता.

हीलीची जन्मकथा विलक्षण आहे. १८३९, जॉर्जिया. बाप आयरिश मळेवाला, आई त्याच्याच मळ्यावरची गुलाम. तिथल्या कायद्याने आईची स्थिती मुलांना लागायची, म्हणजे ही सगळी भावंडं कागदोपत्री बापाची मालमत्ता. बापाने त्यांना उत्तरेत शिकायला पाठवलं. एक भाऊ पोर्टलंडचा कॅथलिक बिशप झाला, दुसरा जॉर्जटाउन विद्यापीठाचा अध्यक्ष. मायकेलला शाळा सोसेना, तो पळून समुद्रावर गेला. हयातीत त्याने स्वतःचं मूळ उघड केलं नाही, गोरा म्हणूनच वावरला.

रेनडिअर अलास्कात आणण्यातही त्याचा हात. देवमासे कमी झाले तसे गोऱ्या शिकाऱ्यांनी वॉलरस मारायला घेतले, किनाऱ्यावरचे लोक उपाशी पडू लागले. पलीकडे सायबेरियात चुकची लोक रेनडिअर पाळून पोट भरतात हे हीलीने पाहिलं होतं. मग १८९१ पासून शेल्डन जॅक्सन या मिशनऱ्याच्या साथीने 'बेअर'वरून जिवंत रेनडिअर आणायला सुरुवात झाली. चुकची जिवंत जनावर विकायला नाराज असत. किनाऱ्यावर पाय बांधायचे, होडीत घालायचं, जहाजावर दोराच्या झोळीतून वर ओढायचं, असे फोटो आहेत.

निरंकुश

आणि दारू? ते सोयीने गाळलंत. हीलीवर १८९६ मध्ये खटला झाला तो नशेत जहाज चालवल्याचा आणि हाताखालच्यांशी वागणुकीचा. त्याआधी १८९० मध्ये खलाशांना हात मागे बांधून टांगल्याच्या तक्रारीवरूनही चौकशी झाली होती, त्यातून सुटला. दुसऱ्याच्या जहाजावरची दारू समुद्रात ओतायची आणि आपली पोटात.

खारा_वारा

निरंकुश, हा शेवटचा वार बरोबर बसला. तरी कोर्टाने काढून टाकलं नाही, मागच्या रांगेत बसवलं आणि पुढे काही वर्षांनी त्याला पुन्हा जहाज मिळालं. बर्फातला त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाकडे होताच कुठे?

अनघा_फेअरबँक्स

दारूपेक्षा गंभीर गोष्ट राहिली. ऑक्टोबर १८८२, अलास्कातलं आंगून गाव. हीली तेव्हा 'कॉर्विन' या कटरवर होता. देवमाशाच्या शिकारीच्या बोटीवर झालेल्या अपघातात तिथल्या मूळच्या क्लिंगिट लोकांचा एक मांत्रिक मेला, त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी भरपाई म्हणून दोनशे घोंगड्या मागितल्या. नौदलाच्या अधिकाऱ्याने उलट त्यांच्याकडूनच घोंगड्यांचा दंड मागितला, आणि तो पुरता आला नाही म्हणून गावावर तोफा डागल्या. घरं जाळली, होड्या फोडल्या, हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न गेलं. सहा मुलं धुराने मेली असं गाव सांगतं. नौदलाच्या माणसांना आणि तोफांना वाहून नेणारं जहाज 'कॉर्विन', कप्तान हीली. अमेरिकन नौदलाने याची माफी २६ ऑक्टोबर २०२४ ला मागितली, बरोबर १४२ वर्षांनी, आंगूनमध्ये जाऊन.

मी हीलीला खलनायक ठरवत नाहीये. आज्ञा नौदलाची होती. पण "जहाज येईल तेच सरकार" हे वाक्य धागाकर्त्याने कौतुकाने लिहिलंय, ते सरकार असंही यायचं.

मीठमोहर

हे अजिबात माहीत नव्हतं. ज्या होड्यांवर मासे आणायचे त्याच फोडल्या, तेही ऐन थंडीच्या तोंडावर. सुन्न झाले.

वयं_रक्षामः

मी आपल्या तटरक्षक दलातून निवृत्त झालो, बरीच नोकरी पश्चिम किनाऱ्यावर. या धाग्यात वाचून गंमत वाटली ती एका गोष्टीची. त्यांची रेव्हेन्यू कटर सर्व्हिस १७९० मध्ये जकात चुकवणाऱ्यांना पकडायला निघाली. आपलं दलही मुळात त्याच कारणाने. साठ-सत्तरच्या दशकात समुद्रातून सोन्याची आणि घड्याळांची तस्करी एवढी वाढली की कस्टम खात्याच्या बोटींचं बळ पुरेना. रुस्तमजी समिती बसली, १९७७ ला तात्पुरती उभारणी झाली आणि १९७८ ला कायदा.

गस्तीचं खरं काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे 'बेअर'च्या चाळीस वर्षांत काय होतं ते लक्षात येईल. दहा दिवस काही होत नाही. क्षितिज बघायचं, रडार बघायचं, चहा. मग एखाद्या ट्रॉलरची तपासणी. आमची रबरी बोट त्याला लागायची तेव्हा लाटेने ती कधी त्याच्या कठड्याच्या वर, कधी माणूसभर खाली. वर असताना उडी टाकायची. अर्धा क्षण उशीर झाला की पाय दोन बोटींच्या मध्ये. वर गेलात की डिझेल, सडकी मासळी, ओली जाळी. तांडेल हातात परवान्याची प्लास्टिकची पिशवी घेऊन उभा, बहुतेक वेळा सगळं ठीक. तो म्हणणार, "साहेब, सुरमई घेऊन जावा." नाही म्हणायचं आणि पुन्हा उडी.

रेनडिअरची मोहीम म्हणजे त्या नोकरीतला एक हिवाळा. बाकीच्या वर्षांत हेच, फक्त बर्फात.

सुक्का_बोंबील

सुरमईला नाही म्हणायचे? पदक यांनाच द्या.

कोकणकडा७

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

निरंकुश

आता माझा मुख्य आक्षेप, जो अजून कोणी घेतला नाही. ही सुटका होती का मुळात? बॅरोला चार्ल्स ब्राउअर नावाचा व्यापारी देवमाशांचं ठाणं चालवत होता. त्याने अडकलेल्यांना आसरा दिला. स्थानिक इनुपिआक शिकारी कॅरिबू मारून आणत होते. २९ मार्चला जार्व्हिस पोचला तेव्हा लोक जिवंत होते. रेनडिअर पोचेपर्यंत हिवाळ्याचा मुख्य काळ सरला होता. म्हणजे उपासमारीतून कोणी वाचवलं असेल तर ब्राउअरने आणि गावाने. सरकारी अहवालात मात्र सगळं रेनडिअरभोवती.

डॉ_माणदेश

निरंकुश, मार्चमध्ये संकट संपलं हे तुम्हाला आज माहीत आहे. त्यांना 'बेअर' बॅरोला कधी पोचेल याची खात्री होती का? जहाज पोचलं २८ जुलैला. मार्चअखेर ते जुलैअखेर चार महिने. आधीच वाटून वाटून खाल्लेला साठा, वर ज्यांनी शिकार करून आणली त्या गावालाही खायचं आहे.

उत्तरवारा

डॉक्टरांशी सहमत, आणि निरंकुशशीही बऱ्यापैकी. जार्व्हिसने तिथे केलेलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं असावं. बरेचसे खलाशी एका जुन्या पडक्या घरात कोंबलेले होते. भिंतींना ओल, छतातून ठिबक, चरबीच्या दिव्यांची काजळी माणसांच्या तोंडावर चढलेली. काहींना स्कर्व्ही (ताज्या अन्नाअभावी होणारा आजार) सुरू झाली होती. त्याने माणसं वेगवेगळ्या जागी वाटली, स्वच्छता सक्तीची केली, डॉ. कॉलने औषधपाणी पाहिलं. दिवस मोठे झाल्यावर सगळ्यांना व्यायामाला बाहेर काढलं, बेसबॉलसुद्धा खेळवला. आठ जहाजांची माणसं, कोणाचा कोणावर अधिकार नाही, अशा ठिकाणी शिस्त आणणं हे गणवेशवाल्याचंच काम.

वयं_रक्षामः

अगदी. वाचलेल्या माणसांना सांभाळणं हे वाचवण्यापेक्षा अवघड जातं. बुडत्या बोटीवरून उचललेले लोक पहिला तास पाय धरतात, दुसऱ्या दिवशी जेवणावरून भांडतात.

निरंकुश

म्हणजे पदक व्यवस्थापनासाठी. चालेल, हे मला मान्य.

मीठमोहर

चार्लीला रेनडिअर परत मिळाले का पण? मला तेवढंच सांगा.

अनघा_फेअरबँक्स

परत मिळाले. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीने लॉप, चार्ली आणि गुराखी यांच्यासाठी मिळून २,५०० डॉलरची शिफारसही केली. अधिकाऱ्यांना पदक, यांना बक्षिसी, हा फरक बघून घ्या.

पण चार्ली फार जगला नाही. १९०० साली गोवराची आणि फ्लूची साथ आली, त्यात गेला. तेव्हाच नोममध्ये सोनं सापडलेलं, हजारो लोक आलेले, मटणाला वाट्टेल तो भाव. कळप कोणाचा यावर वाद झाला. विधवा इनुपिआक बाईची मालकी मानायला पुष्कळांची तयारी नव्हती, सासरकडच्यांनीही हक्क सांगितला. मेरीने कळप राखला, वाढवला, आणि 'सिनरॉक मेरी' म्हणून सबंध किनाऱ्यावर प्रसिद्ध झाली. तिची आई इनुपिआक, बाप रशियन, तिला दोन्हीकडच्या भाषा येत, 'बेअर'वर दुभाषी म्हणूनही तिने काम केलेलं. पुढे १९३७ च्या कायद्याने अलास्कात रेनडिअरची मालकी स्थानिक लोकांपुरती राखीव केली.

डॉ_माणदेश

या बाईवर लिहा ताई. सुवर्णपदकवाल्या तिघांपेक्षा ही जास्त रंगतदार वाटते.

कोकणकडा७

जहाजाचं पुढे काय झालं? भंगारात?

खारा_वारा

थोडक्यात वाचलं. तटरक्षक दलाने १९२६ ला निवृत्त केलं, ओकलंड शहराने ठेवून घेतलं. १९३२ च्या लिलावात भंगारवाला हजार डॉलर बोलला, ध्रुवप्रवासी बर्डने १,०५० दिले. म्हणजे पन्नास डॉलरने जीव वाचला. मग हेच जहाज दोनदा अंटार्क्टिकाला. आणि दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ग्रीनलंडच्या गस्तीवर! १९४१ मध्ये 'नॉर्थलंड' कटरने 'बुस्को' हे जर्मनांसाठी काम करणारं नॉर्वेजियन जहाज पकडलं, ते बोस्टनला आणताना सोबत 'बेअर' होतं.

शेवट १९६३ च्या मार्चमध्ये. फिलाडेल्फियाच्या एका माणसाने विकत घेतलं, तिथे नेऊन तरंगतं संग्रहालय आणि रेस्टॉरंट करायचं होतं. ओढून नेताना वादळ लागलं, डोलकाठी कोसळली, बुडालं.

सुक्का_बोंबील

ध्रुवाचं बर्फ पचवलं आणि हॉटेलच्या धास्तीने बुडालं. स्वाभिमानी जहाज.

उत्तरवारा

सापडलं मात्र. २०२१ मध्ये त्यांच्या सागरी खात्याने आणि तटरक्षक दलाने जाहीर केलं की बोस्टनच्या पूर्वेला सुमारे २६० मैलांवर, साधारण दोनशे फूट खोल, जे अवशेष आहेत ते 'बेअर'चेच असावेत. ट्रॉलरची जाळी त्यावरून फिरून फिरून लाकूड बरंच गेलंय. ओळख पटवायला नाळेकडचे बर्फासाठी लावलेले धातूचे भाग कामी आले.

खारा_वारा

बघा, मी पट्ट्यांबद्दल उगाच लिहिलं नव्हतं.

वयं_रक्षामः

जाळी वरून फिरली हे वाचून आमचे तांडेल आठवले. अशा जागी मासळी भरपूर असते, म्हणून त्यांना प्रत्येक बुडक्या जहाजाचा ठिकाणा तोंडपाठ. नौदलाला नकाशावर सापडणार नाही ते यांच्या वहीत असतं, पण विचारलं तर सांगणार नाहीत.

मीठमोहर

अनघाताई, सिनरॉक मेरीवर वेगळा धागा काढा, इथे शेपटाला कोणी वाचणार नाही.

अनघा_फेअरबँक्स

काढते. शनिवार-रविवारी सवड आहे. निरंकुश, तिथेही या, भांडायला माणूस लागतोच.

निरंकुश

येतो. आधीच सांगून ठेवतो, सासरकडच्यांची बाजू मी घेणार.